वाळू आहे

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. टाळण्याची माझी रीतही मोठी साळसूद होती. कुणी त्या सकाळचा विषय काढला की मी माशांबद्दल बोलायला लागायचो. वारा कुठला असावा, पाण्याचा रंग कसा असावा, कोडुवा कधी तोंड उघडतो. ऐकणारा रंगून जायचा आणि त्या सकाळपर्यंत आम्ही पोचायचोच नाही. आज पोचायचं आहे. पण सुरुवात वाऱ्यापासूनच करतो, कारण मला तिथे जायची दुसरी वाट माहीत नाही.

परवा वारा फिरला. कितीतरी दिवस समुद्राकडून येणारा ओला, दारं आपटणारा ईशान्येचा वारा पहाटे एकदम पडला. मग जमिनीकडून हलकी झुळूक आली आणि गॅलरीतला टॉवेल उलट्या बाजूला हलला. मी चहाचा कप हातात धरून तसाच उभा राहिलो. आमच्या अलिबागकडे नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवत जातो. इथे चेन्नईत तो दिवाळीच्या सुमाराला उठतो. मधेच कमी दाबाचा पट्टा आंध्राकडे सरकतो, वारा जमिनीवरून वाहू लागतो आणि काही तास लाटा दबतात. मुट्टुकाडूच्या खाडीतलं पावसाचं तांबडं पाणी तेव्हा समुद्राच्या हिरव्या पाण्याला जाऊन भिडतं. मिसळायच्या आधी ही दोन्ही पाणी थोडा वेळ शेजारी शेजारी उभी राहतात. त्या शिवणीवर बोयांचे, म्हणजे लहान चंदेरी माशांचे, थवे गोंधळून जातात आणि त्यांच्याखाली कोडुवा येतो.

कोडुवा म्हणजे आपला जिताडा. अलिबागला तो तळ्यात वाढवतात, पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. मी लहानपणापासून तो ताटातच पाहिलेला. तो पाण्यात कसा असतो हे मला दाखवलं सेतूरावांनी, आणि सेतूराव मासे खात नव्हते.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघे होतो. मी टूलरूममध्ये, ते खरेदी विभागात. मूळचे तंजावरकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मराठी, पण ते मराठी असं की ऐकताना जुन्या पेटीचं झाकण उघडल्यासारखं वाटावं, आणि त्यावर तमिळचा हेल. पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी माझं नाव ऐकून विचारलं होतं, "म्हात्रे, तुम्ही समुद्राकडचे ना? मग इथे भिंतीकडे तोंड करून कां बसलां?"

पुढे कळलं की हा सोवळ्या घरातला, दही-भात खाणारा माणूस रविवारी पहाटे रॉड घेऊन खाडीच्या तोंडाशी उभा असतो. आमिष लावायचं नाही, जिवंत तर नाहीच. लाकडाचा नकली मासा पाण्यात फेकायचा आणि तो जखमी असल्यासारखा ओढत आणायचा. कोडुवा लागला तर जवळ आणायचा, बघायचा, सोडायचा. गळाचा उलटा दात ते आधीच घासून टाकत, म्हणजे सोडताना माशाचं तोंड फाटायला नको. कारखान्यातले लोक त्यांची चेष्टा करायचे. एकदा कुणी म्हणालं, "राव सार, खायचा नाही तर धरता कशाला?" ते म्हणाले, "देवळात जातां, तेव्हां देव घरीं घेऊन येतां काय?"

आमचे नकली मासे मी लेथवर करायचो, सागाच्या तुकड्यांचे. रंग सेतूराव द्यायचे. गढूळ पाण्यात लाल डोक्याचा पांढरा चालतो, पाणी निवळलं की चंदेरी, ढग फार दाटले तर काळपट. प्रवाह जोरात असेल तर वरच्या अंगाला फेकायचा आणि पाण्यालाच तो वळवू द्यायचा. मी शिकलो सगळं, पण माझा हात धीर धरत नसे. शिवणीवर पोचायच्या आतच मी ओढायला लागायचो. ते हसायचे. "म्हात्रे, तुम्ही मासे खातां, म्हणून तुमच्या हातास घाई."

आता त्या जागेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. उन्हाळाभर खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा साचतो आणि खाडी बंद होते. पावसाचं पाणी मागे तुंबतं आणि एक दिवस तो दांडा फोडून बाहेर पडतं. फुटलेल्या जागी दोन्ही बाजूंना वाळूच्या उभ्या कडा राहतात. वरून त्या कोरड्या, घट्ट, फरशीसारख्या दिसतात. खालून मात्र प्रवाह त्यांना पोखरत असतो. आधी एक केसाएवढी भेग पडते, काठाला समांतर, उभ्या असलेल्या माणसाच्या मागे. मग ती रुंदावते. मग खाटेएवढा तुकडा, आवाज न करता, माणसासकट खाली बसतो. उत्तम मासा त्या कडेखालीच असतो, हीच अडचण.

म्हणून सेतूरावांचा एक नियम होता. दोघांनी एका वेळी गळ टाकायचा नाही. एकाने फेकायचं. दुसऱ्याने आपला रॉड मागे वाळूत रोवून, गळ कडीला अडकवून, हात मोकळे ठेवून पहारा करायचा. फेकणाऱ्याने पाणी बघायचं, पहाऱ्यावरच्याने वाळू. फेकणारा मधूनमधून, मागे न वळता, विचारायचा, "वाळू?" पहाऱ्यावरच्याने त्याच्या पायांमागची जमीन नीट निरखून सांगायचं, "आहे." भेग दिसली तर "मागे!" म्हणायचं, आणि मग गळाला काहीही लागलेलं असो, तो माणूस मागे यायचा. का म्हणून विचारायचं नाही. मग जागा बदलायच्या.

"वाळू?" "आहे." इतक्या वेळा आम्ही हे दोन शब्द एकमेकांकडे टाकले की त्यांचा अर्थ झिजून गेला होता. झोपेत कूस बदलावी तसं मी ते म्हणायचो. पण सेतूराव कधीही तसं म्हणाले नाहीत. माझी पाळी असताना मी विचारलं की त्यांचं उत्तर लगेच येत नसे. आधी वाळूवर त्यांची दोन-चार पावलं वाजत, मग आवाज येई. त्या मधल्या शांततेचा मला कधी कधी कंटाळा यायचा. आज तीच शांतता कानात बसली आहे.

ती सकाळ आम्ही दोघे निवृत्त झाल्यानंतरची. वारा असाच फिरलेला. दांडा नुकताच फुटला होता आणि पाणी अजून आपली वाट रुंद करत होतं. आदल्या दिवशी माझे थोरले बंधू अलिबागहून आले होते आणि मी त्यांच्यापुढे बढाई मारली होती: उद्या तुम्हाला इथला जिताडा खायला घालतो, मग सांगा आपला चांगला की हा. सेतूरावांना मी हे गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "एक तुमच्या बंधूंस. बाकीचे पाण्यास. सरी?"

"सरी," मीही तमिळमध्येच कबूल केलं.

आधी मी फेकलं. काही लागलं नाही. ढग खाली आलेले, उजेड शिळ्या चुन्यासारखा. मग त्यांची पाळी आली आणि मी पहाऱ्याला उभा राहिलो. ते कडेवर गेले, लाल डोक्याचा पांढरा लावला आणि वरच्या अंगाला फेकला. प्रवाह बदलत होता. भरती चढायला लागली होती आणि बाहेर पडणारं तांबडं पाणी दांड्याला लगटून बाजूला वळत होतं. शिवण कडेपासून सरकत सरकत दांड्याच्या समुद्राकडच्या अंगाला आली. म्हणजे माझ्या पाठीमागे.

मला आवाज आला. ज्याने तो ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही; पाण्याखाली कुणीतरी जड दार ओढून घ्यावं तसा. वळून पाहिलं तर बोया हवेत उडत होत्या आणि त्यांच्याखाली एक रुंद, काशाच्या रंगाची पाठ फिरली. माझ्या फेकीच्या टप्प्यात. माझा रॉड तिथेच रोवलेला होता.

एकदाच फेकू, असं मी मनात म्हणालो. एवढंच म्हणालो, दुसरा काही विचार केल्याचं आठवत नाही. सेतूरावांकडे पाठ केली, गळ सोडवला, फेकला. तो लगेच लागला. दोर सुटायला लागला, रीळ गायला लागलं. कोडुव्याने अर्धं अंग पाण्याबाहेर काढून डोकं झटकलं. त्याच्या कल्ल्यांच्या कडा सुरीसारख्या असतात, दोर त्यांना घासला की तुटतो. म्हणून मी टोक खाली नेलं, गुडघे वाकवले. माझ्या डोक्यात त्या क्षणी अलिबागचं ताट होतं.

मागून हाक आली. "वाळू?"

आणि मी, समुद्राकडे तोंड करून, रॉड पोटाशी धरून, ओरडलो, "आहे!"

न बघता.

दोर तुटला की मी सोडला, हे मला आता सांगता येत नाही. एवढं आठवतं की हातातलं ओझं गेलं, मी चिडून वळलो, आणि कडेवर कुणी नव्हतं. कडच नव्हती. तिथे नवा, ओला, उभा काप होता आणि खाली तांबडं पाणी फिरत होतं. त्यांची टोपी तेवढी फिरत समुद्राकडे निघाली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, कारण तेवढंच मी सांगत आलो. प्रवाहाने त्यांना बाहेर नेलं, फुटणाऱ्या लाटेने उचलून दांड्याच्या टोकावर आपटलं, मी छातीभर पाण्यात शिरून त्यांचा शर्ट धरला, पलीकडे जाळी सोडवत बसलेले कोळी धावत आले. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि उजवा खांदा निखळला होता. खुबा बसवला, खांदा पुन्हा नीट बसला नाही. त्या हाताने नंतर त्यांना पाण्याचा तांब्याही उचलवत नसे; रॉड तर त्यांनी कधी उचलला नाही.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कमलाबाई, त्यांच्या पत्नी, आल्या तेव्हा मी ओल्या कपड्यांत बाकावर बसलो होतो. कोळ्यांपैकी एकजण त्यांना तमिळमध्ये सांगत होता की ह्यांनीच वाचवलं, आम्ही पाहिलं. कमलाबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होतां ना तिथे? हांक नाहीं मारलीत?"

"मारली, वहिनी," मी म्हणालो. "त्यांना ऐकू गेली नसेल."

एवढंच खोटं मी बोललो. बाकीचं त्या वाक्याने आपणहून केलं. संध्याकाळपर्यंत ते असं झालं होतं की म्हात्रे मागे या, मागे या म्हणत होते आणि ह्यांनी माशाच्या नादात ऐकलं नाही. महिन्याभरात सगळ्या नातेवाइकांत ते पक्कं झालं. त्यांची मुलगी वसुधा, सिरुसेरीला एका कंपनीत आहे, बापावर जीव टाकणारी, ती त्यांच्या कॉटशी उभी राहून रडत म्हणाली, "अप्पा, ॲट लीस्ट अंकल सांगतात ते तरी ऐकायचं ना! एका मीनासाठी?"

मी तिथेच होतो. सेतूरावांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी कदाचित सुटलो असतो. ते नुसते बघत होते, वाळू बघायचे तसे. मग मुलीला म्हणाले, "हो गे. ऐकूं आलं नाहीं मजला."

ते का म्हणाले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मला वाचवायला म्हणाले असतील. किंवा, आता हा काय करतो बघू, म्हणूनही.

मी काहीच केलं नाही. म्हणजे, दर रविवारी त्यांच्याकडे जात राहिलो.

दर वर्षी कार्तिकात, त्या दिवसाच्या आसपास, कमलाबाई मला जेवायला बोलावतात. ह्यांचा जीव परत आला तो दिवस, म्हणून. केळीचं पान, रसवांगी, डांगर, पुरणपोळी, पायसम. पहिलं पान माझं. त्या वाढताना म्हणतात, "तुम्ही होतां म्हणून कुंकू राहिलं." मी मान खाली घालून जेवतो. लोकांना तो विनय वाटतो. समोर सेतूराव खुर्चीवर बसलेले असत, कारण त्यांना खाली बसता येत नसे, आणि डाव्या हाताने दही-भात खात असत. एका वर्षी अर्धं जेवण टाकून मी पानावरून उठायला लागलो तर ते म्हणाले, "बसा म्हात्रे. पानांत टाकूं नये." कमलाबाई हसल्या. आम्ही दोघे हसलो नाही.

त्यांच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही. समोर पाण्याची टाकी आणि एक शेवग्याचं झाड. तरी वारा फिरला की त्यांना झाडावरून कळायचं. फोन यायचा. "गेलां होतां? पाणी कसं आहे?" मी सांगायचो, आणि ते डोळे मिटून ऐकत असावेत. कारण मी थांबलो की थोड्या वेळाने विचारायचे, "शिवण कुठल्या अंगास?" मी त्यानंतर कधी गळ टाकला नाही. खाडीवर जायचो ते फक्त त्यांना सांगायला मिळावं म्हणून. आणि प्रत्येक वेळी परत येताना ठरवायचो: आज बोलायचं. मग कमलाबाई कॉफी घेऊन यायच्या.

परवाही गेलो. सांगायला आता कोणी नाही, तरी पाय गेले. ह्या वर्षीचा दांडा फुटलेला, कडा ताज्या. तिथे दोन तरुण होते, नव्या कोऱ्या रॉडवाले, दोघेही कडेवर खांद्याला खांदा लावून फेकत होते. बोलण्यावरून एक साताऱ्याकडचा वाटला.

मी हाक मारली, "अहो, दोघांनी एकदम टाकू नका! एकाने वाळू बघा!"

"काका, सुट्टी एकच दिवस आहे," साताऱ्याचा हसत म्हणाला. "वाळू कोण बघत बसणार? तुम्हीच बघा ना!"

"बरं," मी म्हणालो.

आणि बघत राहिलो. त्यांच्या टाचांमागची दोन हात जमीन, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाठीमागे समुद्राच्या अंगाला तो आवाज आला, दार ओढल्यासारखा. दोनदा आला. मी वळलो नाही. भेग पडली नाही. कड ढासळली नाही. त्यांना काही लागलं नाही, भरती चढली, ते दोघे सामान आवरून माझ्याकडे हात हलवून निघून गेले. काही म्हणजे काही घडलं नाही.

मी तिथेच वाळूवर बसलो. इतकं सोपं होतं ते. नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. अंगात बळ लागत नाही, कौशल्य लागत नाही, धाडस तर नाहीच. ह्या वयात, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनीसुद्धा जमलं. मग माझ्या मनात इतकी वर्षं जी एक पळवाट होती, की तसा मासा पाठीमागे उठल्यावर कुणाच्याही हातून झालं असतं, ती परवा बुजली.

सेतूराव ह्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी काही दिवस बोलणं तुटक झालं होतं, बरंचसं तमिळमध्ये, कधी आईला, कधी कारखान्यातल्या कुणाला. मी शेवटचा भेटलो ती दुपार. कमलाबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. पंखा फिरत होता. आम्ही दोघेच होतो, आणि मी शब्द जुळवून आलो होतो. खुर्ची ओढली. त्यांचा उजवा हात, तो निकामी हात, माझ्या हातात घेतला.

"सेतूराव," मी म्हणालो, "तुम्हाला एक सांगायचं होतं."

त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"वाळू?" ते म्हणाले.

ते शुद्धीत विचारत होते की ग्लानीत त्या कडेवर उभे होते, मला माहीत नाही. मला शेवटची संधी देत होते, की खरंच पायाखाली काही उरलंय का हे त्यांना जाणून घ्यायचं होतं? मी थांबायला हवं होतं. त्यांच्यासारखी दोन-चार पावलं टाकून, बघून, मग तोंड उघडायला हवं होतं. पण तो शब्द माझ्या तोंडात इतक्या वर्षांचा तयार बसलेला.

"आहे," मी म्हणालो.

पुन्हा. न बघता. आणि ते गाढ झोपले, माझ्यावर विसंबून.

काल वसुधा येऊन त्यांचा रॉड देऊन गेली. "अंकल, तुम्हीच ठेवा. अम्माला बघवत नाही." रिळावर त्यांनी तेल लावून ठेवलं होतं, त्या एका हाताने कधी लावत असतील कोण जाणे. जाता जाता म्हणाली, "अम्मा पुसते, ह्या वर्षी पण येणार ना जेवायला? अप्पा नाहीत तरी."

येणार म्हणून सांगितलं. जाणारही आहे. हे कागद बरोबर नेईन आणि पानावर बसायच्या आधी कमलाबाईंना आणि वसुधेला वाचून दाखवीन, पहिल्या शब्दापासून, वाऱ्यापासून. मी हाक मारली नव्हती. ते ऐकत नव्हते असं नाही. ऐकण्यासाठीच तर त्यांनी विचारलं होतं. ते पहाऱ्यावरच्या माणसावर विश्वास ठेवून नियमाप्रमाणे उभे होते, आणि माशाच्या नादात होतो तो मी. मग पान वाढायचं की नाही, हे त्यांनी ठरवावं. न वाढलं तर मी उठून येईन. निदान एवढा खोटा मान तरी संपेल.

पण जे त्यांना वाचून दाखवणार, ते त्यांच्यापुरतं. त्या दुपारी सेतूरावांना जे सांगायला खुर्ची ओढून बसलो होतो, त्याचं काय करायचं हे मला समजत नाही. रॉड कोपऱ्यात उभा आहे. बाहेर वारा पुन्हा समुद्राकडून लागला आहे, टॉवेल घराकडे हलतो आहे. त्या दुपारचे जुळवलेले शब्द लांबलचक होते. आता त्यातले थोडेच उरलेत.

सेतूराव, तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघितलं नव्हतं. मला माफ करा.